पंचफुलाबाईंच्या माशांचं हिव

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या, पंचफुलाबाईंच्या, अंगणात यंदा सात मधपेट्या स्वेटर घालून बसल्या होत्या. पहिल्या पेटीला माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे जाऊबाईंच्या वारलेल्या मालकांचा, बिनबाह्यांचा करडा स्वेटर. दुसरीला त्यांच्या मुलाचा शाळेतला निळा, कोपरावर विरलेला. तिसरीला मफलर, दोन वेढे देऊन समोर गाठ मारलेली, चहाच्या टपरीवरचे म्हातारे मारतात तशी. चौथीच्या स्वेटरच्या बाह्या जाऊबाईंनी पुढून बांधल्या होत्या, त्यामुळे ती पेटी हाताची घडी घालून बसलेल्या मास्तरासारखी दिसायची. आणि पाचवीवर माझी गोधडी होती.

ती गोधडी मी जाऊबाईंसाठी शिवली होती. दोन महिने. त्यांना थंडी सोसत नाही म्हणून आत जुन्या मऊ लुगड्यांचे चार थर घातले होते. आमच्या दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे. एका सकाळी भिंतीवरून पाहते तर माझी गोधडी पेटीवर.

"बाई, ती तुमच्यासाठी होती," मी कसंबसं म्हटलं.

"मंग मीच देल्ली न त्याइले! लय गरम हाये तुही गोदडी. माह्या आंगावर वाया जात होती."

मी आत गेले आणि भांडी घासली. आधीच घासलेली होती, ती पुन्हा घासली.

पंचफुलाबाईंना आमच्या गावात सगळे ओळखतात. आमचं गाव शेंदूरजनाघाटपासून जवळ, चारी बाजूंनी संत्र्याचे बगीचे. बगीचेवाल्यांना माशा लागतात, फुलावर माशी बसली तर फळ धरतं. म्हणून मोठेमोठे बगीचेवाले जाऊबाईंच्या दारात गाडी थांबवतात आणि "मावशी, आमच्याकडं दोन पेट्या ठेवा न" म्हणतात. आमच्या दारात फक्त दूधवाला थांबतो. त्या चौथी पास, मीही चौथी पास. त्यांचा हिशेब कच्चा, माझा पक्का. अक्षर माझं चांगलं. पण अक्षर पाहायला कोणी गाडी थांबवत नाही.

या माशा त्यांनी आणल्या नाहीत. त्याच आल्या. भासरे गेले त्या वर्षी हिवाळ्यात कूलर अंगणात पडून होता, त्यात माशांचा एक थवा येऊन बसला. मग आमचा तो वऱ्हाडचा उन्हाळा, पत्र्यावर पापड भाजावा असा, त्यात या बाईंनी कूलर लावला नाही. आत माशांचं घर होतं न. ओलं फडकं डोक्यावर घेऊन अख्खा मे महिना त्या बसल्या. आमच्या घरी कूलर घुमघुमत होता. मी म्हटलं, "बाई, दुपारी आमच्याकडं येऊन झोपा." त्या म्हणाल्या, "त्याइले एकलं टाकून कशी येऊ?" तेव्हाच मला समजायला हवं होतं की आता आपला नंबर मागे गेला.

त्याआधी आम्ही दोघी रोज दुपारी भिंतीपाशी बसत होतो. मी अलीकडे, त्या पलीकडे. तूर निवडायची, वाती वळायच्या. मला चार माणसांत बोलता येत नाही, पण भिंतीपाशी मी बोलत होते. माशा आल्या, कूलरमधून पेटीत गेल्या, एकीच्या सात पेट्या झाल्या, आणि भिंतीपाशी मी एकटीच वाती वळू लागले.

जाऊबाईंची बोलायची पद्धत अशी की काहीही विचारलं तरी उत्तरात माशी येणार. कोणाची सून रुसली, तर "राणी रुसली का पेटी सुस्त होते." कोणाच्या घरी वाटणी झाली, तर "बरं झालं, एका पेटीत मावत नसन तं उडालेच पाह्यजे." आणि माशांतल्या नरांना त्या जवाई म्हणतात. नर काही काम करत नाही. मध गोळा करत नाही, चावत नाही, नुसता खातो. थंडी सुरू झाली, फुलं कमी झाली, की बाकीच्या माशा त्याला पेटीबाहेर ओढून टाकतात.

यंदा दिवाळसणाला आमचे जावई आले होते, चांदूर बाजारचे. तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी हलत नव्हते. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात-भाजी-पोळी, वर "मामी, आज पुरणाचं होऊन जाऊ द्या." मी मान हलवायची. एका सकाळी ते ओट्यावर चहा पीत बसले होते आणि भिंतीपलीकडून हाक आली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी,

"या वो सगळ्या पाहाले! हिव पडलं, जवाई काढून राहिल्या!"

जावयांच्या हातातला कप तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते गेले. माझी मुलगी जाताना हसत हसत जाऊबाईंच्या गळ्यात पडली. जे मला पंधरा दिवसांत बोलता आलं नाही, ते या बाई एका वाक्यात बोलून गेल्या, तेही माशांबद्दल. आणि गळ्यात पडणं त्यांच्या वाट्याला. पंधरा दिवसांचे पोहे मी केले होते.

मग थंडी वाढली. दरवर्षी आमच्याकडे थंडी येते आणि चार दिवस राहून जाते. यंदा ती घरच्यासारखी राहिली. सकाळी हौदाच्या पाण्यात हात घातला की हात आपला वाटत नव्हता. गोठ्यातल्या गाईंच्या अंगावर पोती. तुरीचा बहर संपून गेला होता आणि संत्र्याला कळी धरत नव्हती. म्हणजे माशांना बाहेर काही नाही आणि आत साठवलेलं संपत आलेलं. संत्र्याला फूल येईपर्यंत त्या टिकल्या तर टिकल्या. जाऊबाई साखरेचा घट्ट पाक करून झाकणाखाली वाटीत ठेवायच्या, आणि त्यापलीकडे पेटी उघडायच्या नाहीत. उघडली की आतली ऊब निघून जाते. मग आत काय चाललंय हे कळणार कसं? तर स्टीलचा ग्लास पेटीला पालथा लावायचा आणि बुडाला कान. सकाळी उठल्या की चहाच्या आधी सात पेट्यांपाशी कान लावत फिरायच्या. तेवढा वेळ गल्लीत कोणी मिक्सर लावायचा नाही. भाजीवाल्याला लाउडस्पीकर बंद करायला लावला होता. तो बिचारा आमच्या गल्लीत येऊन "मेथी, पालक" असं कुजबुजायचा.

"आत काय करतात वो त्या?" एकदा मी विचारलं.

"बसतात. सगळ्या मिळून गोळा करून. मधोमध राणी. आंग थरथरवतात, त्याची ऊब होते. कडंच्या गारठल्या का आत घुसतात, आतल्या कडंले येतात. पाळीपाळीनं. आपल्यावानी नाई, एकदा कडंले बसली ते बसली."

"म्हणजे लग्नघरच्या बायाइवानी," मी म्हटलं. "एका सतरंजीवर दहा जणी झोपतात, अन् कडंची रेटत रेटत मधात येते."

जाऊबाईंनी ग्लासावरचा कान काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "हे बरं बोलली वो तू, इंदू."

मला दोन दिवस ते पुरलं.

तिसऱ्या दिवशी अकोल्याला शेतकऱ्यांचा मेळावा होता आणि जाऊबाईंना बोलायला बोलावलं होतं. सोबत म्हणून मला नेलं. मोठा मांडव, खुर्च्या, माइक. मी मागच्या ओळीत त्यांची पिशवी मांडीवर धरून बसले. या बाई वर जाऊन, जसं काही नळावर उभ्या आहेत, तसं माइकवर बोलू लागल्या. साहेबांनी विचारलं, "ताई, एवढ्या थंडीत पेटीतलं तापमान तुम्ही कसं राखता?"

"मी कायले राखू बाप्पा? त्याच राखतात. लग्नघरच्या बाया पाह्यल्या का तुमी, साहेब? एका सतरंजीवर दहा जणी? कडंची रेटत रेटत मधात येते का नाई? बस. तसं."

मांडव हसला. टाळ्या पडल्या. माझ्या वाक्याला मीही टाळ्या वाजवल्या. काय करणार, शेजारची बाई वाजवत होती.

येताना एसटीत मी वाट पाहिली. म्हटलं आता म्हणतील, तुझं वाक्य कामाला आलं. अमरावती गेलं, मोर्शी गेलं. त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "कशी बोलली मी?"

"चांगलं बोलल्या," मी म्हटलं.

मग संक्रांत आली. संक्रांतीला जाऊबाई दरवर्षी नेमक्या अमरावतीला लेकीकडे जातात. भासरे गेल्यापासूनचा नेम. आमच्या अंगणात हळदीकुंकवाला गल्लीतली एकूण एक बाई येते, आणि त्या दिवशी पलीकडच्या दाराला कुलूप असतं. मी कधी काही विचारलं नाही. त्यांनी कधी काही सांगितलं नाही.

जाताना ग्लास माझ्या हातात दिला. "चार दिवस. उघडाचं नाई, ठोकाचं नाई. वाट्या भरून ठेवल्या हायेत, काही द्याचं नाई. फक्त आयकाचं."

पहिल्यांदाच मी कान लावला. पहिल्या पेटीतून गुणगुण आली, दूरच्या गिरणीसारखी. दुसरीतूनही तशीच. पाचवीला, माझ्या गोधडीवाल्या पेटीला, कान लावला आणि आवाज थोडा वाढला. नुसता ग्लासाचा धक्का लागला असेल. पण मला वाटलं, यांनी मला ओळखलं. आणि मनात आलं, सात पेट्या त्यांच्या, एक माझी असली तर काय बिघडतं?

त्या दिवशी घरात गुळाचा वास भरला होता. बाहेर एवढं हिव आणि या बिचाऱ्या साखरेच्या पाकावर. दारी आलेल्याला आपण साखरपाणी देतो का? गूळपाणी देतो. मी चांगला पिवळा गूळ घेतला, कोमट पाण्यात कालवला, गाळून घेतला. पाचव्या पेटीचं झाकण तेवढं उचललं, पाकाची वाटी रिकामी करून तीत गूळपाणी भरलं. माशांनी ते बघता बघता संपवलं. मला एवढा आनंद झाला की दुसऱ्या दिवशीही दिलं. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी पाचव्या पेटीच्या तोंडाशी तपकिरी शिंतोडे दिसले. खाली जमिनीवर मेलेल्या माशा, पाय पोटाशी घेतलेल्या. मी झाडू आणला आणि माती टाकून ते पुसायचा प्रयत्न करत होते, तेवढ्यात जाऊबाई फाटकात उभ्या.

त्यांनी पिशवी खाली टाकली. पेटीपुढे बसल्या. "हगवन," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, माझ्याशी नाही, कोणाशीच नाही, "माशी घरात घान करत नाई. हिवात चार-चार दिवस थांबते, ऊन पडलं का बाहेर जाऊन येते. पोट बिघडल्याबिगर असं होत नाई."

झाकण उचलून त्यांनी वाटी काढली. वाटीत पाहिलं. वास घेतला. मी भिंतीवरच्या शेवाळाकडे पाहत होते.

"साखर खराब निघाली," त्या म्हणाल्या आणि वाटी हौदावर नेऊन घासली.

एवढंच. ज्या बाईने एकदा नासका नारळ निघाला म्हणून दुकानदाराला त्याच्याच ओट्यावर तासभर उभं केलं होतं, ती या वेळी दुकानाकडे गेली नाही. मला ते तेव्हा लक्षात आलं नाही. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज.

त्यानंतर रोज सकाळी पाचव्या पेटीखाली ओंजळभर माशा पडलेल्या असायच्या. गोळा लहान होत चालला होता. लहान गोळ्याला ऊब धरत नाही, आणि ऊब नाही म्हणून आणखी मरतात. मी घरचं आटोपून न बोलावता तिकडे जाऊ लागले. मेलेल्या झाडायच्या, पाक ढवळायचा, पेटीवरचं दव पुसायचं. जाऊबाईंनी माझ्यासाठी एक पाट आणून ठेवला होता.

एका दुपारी जरा ऊन तापलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आज उघडू. नाई तं एकही वाचत नाई." उघडलं. राणी तळाशी मरून पडली होती. फळीवर एक मूठ माशा, एकमेकींना चिकटून, हलत होत्या.

"आता याइले सहावीत घालाच लागते," जाऊबाई म्हणाल्या.

"मंग घाला न!"

"अशा कशा घालू? परक्या वासाची माशी दिसली का त्या मारतात. मधात कागद द्या लागते. वरून ह्या कुरतडतात, खालून त्या. कागद फुटेपर्यंत वास एक होऊन जाते. मंग कोनी कोनाले मारत नाई."

आणि घरात जाऊन त्यांनी वर्तमानपत्र आणलं. मी पाहिलं तर तेच, अकोल्याच्या मेळाव्याची बातमी छापून आलेलं. जाऊबाईंचा फोटो, खांद्यावर शाल, हातात नारळ. त्या अंकासाठी मी मनातल्या मनात किती जळले होते ते माझं मला माहीत.

"बाई, यात तुमचा फोटो हाये!"

"मोठा कागद हाच हाये. फोटो का चाटाचा हाये मले?" आणि दाभणाने त्यांनी फोटोतल्या स्वतःच्या शालीवर चार-पाच बारीक भोकं पाडली, कागद सहाव्या पेटीवर पसरला, पाचवीचं खोकं उचलून वर ठेवलं. वरून माझी गोधडी.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. कसं निघालं माहीत नाही. "बाई, साखर खराब नव्हती. मी गूळपाणी देल्लं होतं. तीन दिवस."

"मले माईत हाये."

"कसं?"

"वाटीत दोन मुंगळे बुडून मेले होते. साखरेले बारक्या मुंग्या येतात. गुळाले मुंगळे." गोधडीचं टोक त्या नीट खोचत होत्या. "अन् तुह्या हाताले वास येत होता."

"मंग रागावल्या काहून नाई?"

"रागावली न! तीन दिवस रागावली. मनात. तुले काय शिव्या देल्ल्या मी, तुले माईत नाई." मग थांबून म्हणाल्या, "कायले देल्लं वो?"

म्हटलं, "हिव होतं. गूळ गरम असते."

"माणसाले," त्या म्हणाल्या. "माशीले नाई." आणि आत चहा ठेवायला गेल्या.

कागद फुटायला चार-पाच दिवस लागतात, त्या म्हणाल्या होत्या. तोपर्यंत हात लावायचा नाही, रोज सकाळी येऊन पाहायचं. मी रोज जात होते. त्या पेटीपाशी वाकून पाहायच्या आणि म्हणायच्या, "नाई फुटला आजून. हिव हाये न, येळ लागते." मग आम्ही पाटावर बसायचो. त्या पहिल्यांदा मुलाबद्दल बोलल्या, पुण्याला आहे, फोन करतो तेव्हा पहिलं विचारतो, "मध पाठवला का?" मी माझ्या जावयाबद्दल बोलले, मन भरून बोलले. जाऊबाई एवढ्या हसल्या की त्यांनीच मिक्सरबंदी घातलेल्या त्या गल्लीत शेजारीण दार उघडून पाहू लागली. चार दिवस झाले. पाच झाले. आठ झाले. बगीच्यांत संत्र्याला पांढरी कळी दिसू लागली, दुपारी सगळ्याच पेट्यांच्या तोंडाशी माशांची ये-जा सुरू झाली. सहावीची सगळ्यांत जास्त. त्या वाचल्या, हे मला दिसत होतं. पण पेट्यांतलं मला काय कळतं? त्या म्हणत होत्या नाही फुटला, तर नाही.

दहाव्या दिवशी दूध लवकर आलं म्हणून मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी गेले. फाटक ढकललेलंच होतं. जाऊबाई सहाव्या पेटीपुढे उकिडव्या बसल्या होत्या. पेटीच्या तोंडाशी जमिनीवर कागदाचा भुसा पडला होता, माशांनी कुरतडून बाहेर आणून टाकलेला, कापसासारखा, कुठे कुठे छापील अक्षरांचा काळा ठिपका. जाऊबाई तो एका हाताने दुसऱ्या हाताच्या ओंजळीत भरत होत्या, एकेक कण, मातीवर बोट ओलं करून टिपत होत्या. कोपऱ्यात चूल होती. तिच्या राखेत आधीचाही तसाच भुसा अर्धवट जळलेला दिसत होता. एक दिवसाचा नव्हता तो.

मी दोन पावलं मागे गेले आणि फाटकाची कडी वाजवली.

त्या उठल्या. मूठ पदराखाली गेली.

"आली का?" त्या म्हणाल्या. "लवकर आली आज."

"फुटला का वो कागद?"

"नाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आज बी नाई फुटला."

"हिव हाये न," मी म्हटलं. "येळ लागते."

"हो न. लय हिव हाये." उन्हात उभ्या होत्या त्या, कपाळावर घाम. "उद्या ये मंग."

"येते," मी म्हटलं, आणि पाट ओढून बसले.